नांग्या न भरणाऱ्या बाई

उसात कुठं नांगी दिसली की माझा जीव अजून दोन्हीकडं वढतो. नांगी म्हंजी सरीत जिथं रोप मेलंय आन जागा मोकळी पडलीय ती. शेतकरी माणसाला ती बघवत न्हाई. हसऱ्या माणसाचा पुढचा दात पडल्यावानी दिसती. हात लगीच दुसरं रोप आणून तिथं खुपसायला बघतो. आन त्याच टायमाला कानात एक बारीक आवाज येतो, "बबनराव, हात लावू नका." मंग मी हात पाठीमागं बांधून नुसता उभा. बायको लांबून वरडती, "पुतळा बसावला का काय शेतात?"

तो आवाज टिपणीस बाईंचा.

आता मी कोण, तर कोणच न्हाई. कळंबचा बबन. दुसरीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा गुरुजींनीच हात जोडले. हे बी सूनबाई लिहून घेतीय. अक्षर तिचं, चुका माझ्या. उसाच्या नव्या जाती काढायचं एक फार्म आमच्या पट्ट्यात व्हतं, तिथं मी मजूर म्हणून लागलो आन मजूर म्हणूनच भाईर पडलो. एवढ्या वरसात माझी एक पायरी बी वाढली न्हाई, एकदा वजन तेवढं वाढलं. त्या वजनाचा बी पुढं घोळ झाला, ते सांगतो.

नवी जात काढायची म्हंजी काय, हे मला लई दिवस कळलंच न्हाई. मला वाटायचं, उसाची कांडी लावायची, त्यातनं ऊस, त्याच्या कांडीतनं परत तसाच ऊस. पण उसाला तुरा येतो आन तुऱ्यात बी असतं. लांब दक्षिणंला एका ठिकाणी दोन जातींचा जोड लावायचे आन ते बी आमच्याकडं पिशवीतनं यायचं. बी कसलं, गादी झटकल्यावर धूळ उडती तसलं. ते पेरून रोपं करायची. आन गंमत अशी, का एकाच आईबापाची रोपं, पण एक दुसऱ्यासारखं न्हाई. सख्ख्या भावाभावांत एक काळा, एक गोरा, एक माझ्यासारखा, तसं. अशी हजारांनी रोपं शेतात लावायची, वरीसभर जपायची, एकेका रोपाला फुटवे येऊन पाचसहा उसांचं एकेक बेट व्हायचं. मंग निवडीचा दिवस. त्यातली थोडकी बेटं ठेवायची, त्यांचं बेणं पुढच्या प्लॉटात जायचं. बाकी समदं तोडून गुऱ्हाळाला. एकदा तोडलं की ते झाड जगात परत न्हाई.

निवड मोठे साहेब करायचे. नुसत्या डोळ्यानं. हातात बांबूची काठी, सरीतनं चालायचं, जाड ऊस दिसला की काठी टेकवायची आन म्हणायचं, "हा." की मागनं मी लाल फडकं बांधायचं. माणूस वाईट न्हवता. मजुराच्या घरी लगीन असलं तर आदल्या दिशी येऊन बसणारा. तरुणपणी कवातरी त्यांच्या काठीखालनं एक जात लई नामी निघाली व्हती, तवापासनं समदी त्यांच्या डोळ्याला मानायची. साहेबांच्या डोळ्यात कुसळ गेलं तरी फार्मावर सुतक यायचं.

तिथं नव्वद सालानंतर कवातरी टिपणीस बाई आल्या, उसाच्या शास्त्रज्ञ म्हणून. कोकणातल्या. उंच, वाळक्या, पायात बाप्यांचे क्यानव्हासचे बूट, लुगड्यावर फुल बाह्यांचा शर्ट, उसाची कूस अंगाला लागू नये म्हणून. खांद्याला कापडी पिशवी. गळ्यात दोरीनं एक छोटी नळी अडकावलेली. उसाला भोक पाडून रसाचा थेंब त्या नळीवर टाकायचा आन आभाळाकडं तोंड करून एका डोळ्यानं बघायचं, गोडी किती ते आत दिसतं. आमी त्याला दुर्बीण म्हणायचो. पयल्या दिशी हिराबाई म्हणली, "बाईंना दिवसा चांदण्या दिसत्यात काय गं?" हिराबाई तळेघरकडची, आमच्या टोळीतली. कोयता घरी विसरली तरी तिचं तोंड असायचंच.

बाई चहा बिनसाखरंचा प्यायच्या. मी इचारलं, "डायबेटीस हाय का बाई?" तर म्हणाल्या, "नाही हो बबनराव. दिवसभर साखरच चाखते, जीभ खोटी बोलायला लागते." मला बबनराव म्हणणारी जगातली ती एकलीच. घरात बबन्या, फार्मावर बबन्या, जत्रंत लाऊडस्पीकरवर बी बबन्या. पयल्यांदा त्यांनी बबनराव म्हणलं तवा मी मागं वळून बघितलं, कोण आलंय.

आल्या त्याच वरसाची गोष्ट. त्यांनी एका पट्ट्यात रोपं लावून घेतली. एका जोडाची पोरं एका जागी, दुसऱ्या जोडाची दुसऱ्या जागी, आन परत तीच घराणी पल्याडच्या टोकाला बी. असं कुणी कंदी लावलं न्हवतं. थोडी रोपं मेली. बाई पुण्याला मीटिंगला गेल्या व्हत्या. आमी म्हणलं, बाईंचं शेत असं बोळकं बरं दिसत न्हाई. उरलेली रोपं व्हतीच, कुठल्या जोडाची ते कुणी बघितलं? मी, हिराबाई, समद्या बाया लागलो आन दुपारपत्तोर समद्या नांग्या भरल्या. पाणी दिलं. काय शेत दिसत व्हतं राव! मी बांधावर उभा ऱ्हाऊन वाट बघत व्हतो, आता शाबासकी येती.

बाई आल्या. दहा पावलं आत गेल्या. मंग बांधावर मटकन बसल्या.

"हे कोणी केलं?"

मी छाती काढून म्हणलं, "म्या बाई! एक बी नांगी ठिवली न्हाई."

बाई वरडल्या न्हाईत. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मंग म्हणाल्या, "बबनराव, तुमच्या घरच्या पंगतीत शेजारच्या घराची पोरं आणून बसवली आणि मग म्हणालात, बघा आमचं घराणं किती मोठं. असं झालं हे."

समदी नवी रोपं उपटायला लावली. माती ओली व्हती म्हणून वळखू आली तरी. आन दर नांगीत एक खुंटी ठोकायला लावली, इथं कोण न्हाई म्हणून. तवापासनं त्यांच्या पिशवीत खुंट्या असायच्या. रस्त्यानं जाणारी लोकं सायकली थांबवून बघायची. "काय बबन, खुंट्यांना पाणी किती दिवसांनी देतो रं? फुटवा चांगला दिसतोय!" मी म्हणायचो, "खत टाकलंय, पुढल्या महिन्यात टेबल-खुर्च्या येतील."

पण खुंटी कशाला, ते बाईंनी मला शेतातच दाखवलं. नांगीच्या शेजारचं बेट लई माजलेलं असायचं. जाड, उंच. बाई म्हणाल्या, "हा मोठा का झाला? शेजारी मेला म्हणून. शेजाऱ्याचं खत, पाणी, ऊन, सगळं ह्यानं खाल्लं. आणि साहेबांची काठी नेमकी ह्याच्यावर पडते. पुढच्या प्लॉटात चारी बाजूंनी शेजार आला की हा बारीक होतो. मग आपण म्हणतो, जात बिघडली."

मला माझंच आठवलं. मी एकलाच पोरगा घरात. माझ्या ताटाशेजारी दुसरं ताटच न्हवतं. गावात म्हणायचे, बबन्या काय गुटगुटीत हाय! लगीन झालं, चार मेव्हणे पंगतीला आले, आन मी जो वाळलो तो वाळलोच.

बाईंचं म्हणणं एवढंच व्हतं, आन ते त्या घासून घासून सांगायच्या. पयल्या वरसाला एकेक बेट बघून कळत न्हाई. आधी घराणं बघा. समदं घराणं तोडून वजन करा, गोडी बघा, चांगली घराणी ठेवा, वाईट घराणं समदंच्या समदं काढा, त्यात एखादा पैलवान दिसला तरी. आन मंग पुढच्या पायरीला चांगल्या घराण्यात शिरून एकेक निवडा. त्यांची सवय बी तशीच. कुणाला ऊस दाखवायचा म्हणलं तर एक ऊस कंदी दाखवला न्हाई. सरीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर ठरल्या अंतरावर जे बेट येईल त्यातला तोडायचा, आन मोळी बांधून पुढं ठेवायची. चांगला-वाईट समदा. "मोळी बघा," म्हणायच्या.

एकदा चिंचंखाली चहाला बसलो व्हतो. बाईंनी हिराबाईला इचारलं, "तुमच्या मुलाला मुलगी बघायला गेलात, तेव्हा काय बघितलं?"

"काय म्हंजी? घर बघितलं. आई कशी, मामा कसा, भणी नांदत्यात का."

"नुसती मुलगी देखणी आहे म्हणून?"

"आरं देवा! देखणी का घालायचीय चुलीत?"

"मग उसाला असं का नाही?"

हिराबाईनं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. "पण बाई, ह्या बबन्याच्या येळंला बी सोयऱ्यांनी घराणंच बघितलं व्हतं. सोन्यासारखं घराणं. ह्याच्याकडं मातूर कुणी बघितलंच न्हाई."

समद्या बाया फिदीफिदी. बाई मातूर हसल्या न्हाईत, त्यांना पॉइंट सापडला व्हता. "बरोबर! म्हणूनच दुसरी पायरी. घराणं चांगलं असलं तरी आत एखादा असा निघतोच."

म्हंजी मी शास्त्रात बी बसलो, आन नापास बी झालो.

वजनाचं काम मातूर जीव काढायचं. मोठ्या साहेबांच्या काठीला काय, फिरली की झालं. बाईंचं समदं घराणं तोडायचं, मोळ्या बांधायच्या, तिवईला काटा टांगून एकेक मोळी वर चढवायची. काटा जुना. बाईंना त्याच्यावर भरवसा न्हवता. म्हणून त्यांनी काय करावं? रोज सकाळी काम चालू करायच्या आधी मला दोरीत बसवून काट्याला टांगायच्या. माझं वजन ठरलेलं, तेवढंच आलं म्हंजी काटा बरोबर. रस्त्यावरची येष्टी हळू व्हायची, माणसं खिडकीतनं बघायची, सरकारी फार्मावर माणूस फाशी का देत्यात म्हणून. पण मला लई भारी वाटायचं. शाळेत ज्याला गणित आलं न्हाई, तो आता मापाचं माप झाला.

मंग आमच्या गावची जत्रा आली. दोन दिवस मटण. तिसऱ्या दिशी मला काट्याला टांगला आन बाई घाबऱ्या झाल्या. काटा बिघडला! काम बंद. जुनी वजनं बी चुकली का काय, म्हणून बाई डोक्याला हात लावून बसल्या. मंग माझ्याकडं नीट बघितलं. "बबनराव, जत्रेत काय जेवलात?"

मी सांगितलं. खोटं सांगितलं, निम्मंच. तरी त्यांना कळलं. दुसऱ्या दिशी ओढ्यातला एक दगड आणला आन माझ्या जागी लावला. हिराबाई म्हणली, "दगडच बरा बाई. त्यो जत्रंला जात न्हाई." असं एका दगडानं मला कामावरनं काढलं.

हे समदं हसायला ठीक हाय, पण बाईंच्या हाताला काय लागत व्हतं? काय न्हाई. दर वरसाला मीटिंगा. दर वरसाला बाई मोळ्या घेऊन हापिसात जायच्या, दर वरसाला मोठे साहेब म्हणायचे, "छान आहे, पुढच्या वर्षी बघू." बाहेर व्हरांड्यात मी मोळ्या घेऊन उभा. आतनं बाईंचा बारीक आवाज यायचा, मंग साहेबांचा जाड, मंग चहाच्या कपांचा, की समजायचं हारलो. बाई भाईर येऊन म्हणायच्या, "चला." जाताना मोळी जड वाटायची, येताना अजून जड. रस वाळून ती हलकी व्हायला पायजे व्हती खरं तर.

त्यात एक घराणं आलं, सोळा नंबर. दिसायला एकदम किडमिडं. बारीक ऊस, बोटायेवढा. पण एकेका बेटात उसाची गर्दी, आन ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर समदी बेटं सारखी. लोळलेला न्हाई, रोग न्हाई. बाई दुर्बिणीतनं बघायच्या आन परत बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "बबनराव, माझं म्हणणं खरं की खोटं, ते हे घराणं सांगेल. ह्याला पुढच्या प्लॉटात एक सरी मिळाली पाहिजे. एकच. साहेबांच्या पैलवानांच्या शेजारी." बाईंना आयुष्यात काय पायजे व्हतं म्हणाल तर ते एवढंच. बंगला न्हाई, बढती न्हाई. एक सरी.

त्या वरसाच्या निवडीच्या आदल्या दिशी आमच्या वॉचमननं प्लॉटात वाघ बघितला. बिबट्या, पण आमी वाघच म्हणतो. संगं पिल्लू. तवा जुन्नर-आंबेगावात उसात वाघ म्हंजी काय नवं न्हवतं. कोळपणीला उसात जायचं म्हणलं तरी चार जण डबे बडवत पुढं. निवडीच्या दिशी सकाळी मोठे साहेब आले, कारखान्याचे पावणे आले, शेतकी हापिसातले आले. प्लॉट म्हंजी डोक्याच्या वर ऊस, आत काळोख. समदे बांधावर थांबले. कुणी बुटाची लेस बांधायला लागला. कुणाला एकदम फोन आठवला. साहेबांनी काठी आतल्या बाजूला केली, "वॉचमनला नक्की दिसला?"

"दिसला साहेब. शेपूट एवढी."

साहेबांनी इचार केला आन बांधाबांधानंच चालायला लागले. काठी टेकवायची, "हा." मी फडकं बांधायचो. माझा एक डोळा आतल्या काळोखाकडं, त्यामुळं गाठी लई चांगल्या बसल्या न्हाईत. पाटाच्या कडंनं गेले, रस्त्याच्या कडंनं आले, चारी बाजूंनी प्रदक्षणा झाली आन निवड संपली. लांबनं बघितलं तर प्लॉटाला लाल फडक्यांचं तोरण लावल्यावानी दिसत व्हतं. वास्तुशांतीच जणू. आत एक बी फडकं न्हाई.

बाई म्हणाल्या, "साहेब, सगळी निवड बांधावरची झाली."

"मग? बांधावरचा ऊस ऊस नाही का?"

"बांधावरच्याला एका बाजूनं शेजारीच नाही. ऊन जास्त, पाटाचं पाणी जास्त. तो मोठा दिसणारच. आपण जात निवडत नाही आहोत, जागा निवडतोय."

"टिपणीस बाई, आत वाघ आहे."

"मग आठ दिवस थांबू."

"पुढच्या प्लॉटच्या सऱ्या पडल्यात. पाणी सोडलंय. तुम्हाला जायचं तर जा आत."

साहेबांना वाटलं, मिटलं. बाईंनी पिशवी खांद्याला नीट केली. "बबनराव, डबा घ्या."

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बबनराव म्हणून दुसऱ्याच कुणाला म्हणल्या असतील तर. पण न्हाई. घेतला डबा आन शिरलो. असा बडवला, असा बडवला, का नारायणगावात ऐकू गेला असंल. बाई सोळा नंबरात पोचल्या, उसाला भोक पाडलं, दुर्बीण वर केली आन म्हणाल्या, "बबनराव, तो डबा थांबवा, आकडा बघताना हात हलतो."

"बाई, वाघ..."

"वाघ आवाजाला येत नाही. थांबवा."

म्हंजी वाघ चालंल, डबा न्हाई. त्या शांततेत मी सोळा नंबरच्या बेटाला मिठी मारून उभा व्हतो. बारीक ऊस, पण गर्दी अशी का त्याच्यामागं मी दिसलो बी नसतो. तवा मला त्या घराण्याची किंमत कळली.

वाघ आला न्हाई. तो आमच्या डब्यानं कवाच पल्याड गेला व्हता. आमी भाईर आलो तवा बाईंच्या तोंडावर पातीचे वरखडे, शर्ट फाटलेला, आन माझ्या डोक्यावर सोळा नंबरची मोळी. बाईंनी ती साहेबांपुढं ठेवली. "एक सरी द्या. फक्त एक."

साहेबांनी मोळीतला एक ऊस काढला. बोटात धरून फिरवला. "बाई, हा झाडू आहे. हा मी वरच्यांना दाखवू? मला इथं हसतील."

पावणे हसले. मी बी हसलो, मी कशाला बी हसतो. बाईंनी तो ऊस त्यांच्या हातातनं घेतला आन परत मोळीत खोचला. "एकच बघू नका, साहेब. मोळी बघा."

"पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणले आन जीपकडं गेले.

पुढच्या वरसाला काय बघणार? प्लॉट मोकळा करायचा व्हता. सोळा नंबर तोडायचा व्हता. दुसऱ्या दिशी मी बाईंना बाजूला घेऊन म्हणलं, "बाई, माझं कळंबला आठ गुंठं हाय. रातच्याला एक मोळी बेणं नेतो, लावून ठिवतो. कुणाला काय कळतंय?"

बाईंनी वळून सोळा नंबराकडं बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. डोळ्यात तसं आलं व्हतं.

"नको, बबनराव. एक तर ती चोरी. आणि तुमच्या मळ्यात चांगला आला तर काय कळलं? तुमच्या मळ्यात चांगला आला, एवढंच. एका बेटावरून निवडू नका म्हणून भांडते, आणि मीच एका मळ्यावरून बोलू?"

मला राग आला. खरंच आला. म्हणलं, "बाई, तुमचं कायमच असं. वाकायचं म्हणून न्हाई!" मजूर माणूस साहेबीणबाईला असं बोलला. त्या म्हणाल्या, "हो," आन काटा टांगायला लावला.

जे गुऱ्हाळाला जाणार, त्याचं वजन कशाला? पण बाईंनी सोळा नंबर समदा मोळीमोळीनं तोलला. आधी दगड टांगून काटा बघितला. शेवटची मोळी उतरली तवा त्यांनी हात झाडले आन म्हणाल्या, "न्या." आमी गाडी भरली. गुऱ्हाळवाल्याला इचारलं मी नंतर, तर म्हणला, त्या बारकुड्याचा गूळ लई झ्याक पडला. मी बाईंना ते सांगितलं न्हाई. सांगून काय करणार व्हत्या, त्यांना आधीच ठावं व्हतं.

तोरणातले पैलवान पुढच्या प्लॉटात गेले. तिथं चारी अंगांनी शेजार आला आन एकेक जण असा बारीक झाला, मेव्हणे आल्यावर मी झालो तसा. साहेब म्हणले पाऊस कमी झाला. मंग म्हणले मजुरांनी खत नीट दिलं न्हाई. बाईंनी एक शबुद काढला न्हाई. मला वाटायचं, काढावा. एकदा तरी टेबलावर हात आपटावा. मी त्यांच्या वाटचा घरी आपटला, तर बायकोनं भाकरी बंद केली.

मंग बाईंची बदली झाली पुण्याला, कागदांच्या हापिसात. जाताना खुंट्यांची पिशवी माझ्याकडं दिली. "असू द्या," म्हणाल्या. तेवढंच.

साहेब रिटायर झाले. फार्मावर मोबाईल आले, काम्पुटर आला, आन एक नवीन साहेब आला, पोरसवदा, दाढी राखलेला. पयल्याच मीटिंगला त्यानं भिंतीवर चित्रं पाडून सांगितलं, का पयल्या पायरीला एकेक बेट बघायचं न्हाई, घराणं बघायचं. तोलायचं. नांग्या भरायच्या न्हाईत. समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. मागनं मी बी वाजिवल्या, आन वाजवता वाजवता हाताची आग व्हायला लागली. हेच सांगायला एक बाई एवढी वरसं व्हरांड्यातनं आत-भाईर करत व्हती, तवा हे टाळीवाले कुठं व्हते? त्यातलेच दोघं त्या दिशी बांधावर बुटाची लेस बांधत व्हते.

पोरगा मातूर चांगला. मी त्याला टिपणीस बाईंचं सांगितलं, सोळा नंबरचं बी सांगितलं. त्यानं जुनी वजनं काढून बघितली आन खुर्चीतनं उठलाच. म्हणला, "बबनकाका, घराणं चांगलं म्हणजे आईबाप चांगले. सोळा नंबर गेला तरी त्याच आईबापांचा जोड परत लावता येईल." मला हे बाईंनी कंदी सांगितलं न्हवतं. का सांगितलं असंल आन मी हसत असंन. त्यानं लगीच दक्षिणंला इचारलं. मी रोज त्याच्या दारात, काय आलं का, काय आलं का. माझ्या सुनंच्या बाळंतपणाला मी येवढ्या घिरट्या घालत न्हवतो.

एक दिवस त्यानं मला आत बोलावलं आन खाली बस म्हणला.

पुढं थोड्याच दिसांनी बाई मला आळेफाट्याला भेटल्या. मी मोटारीच्या पाईपाचं काम करायला ग्यारेजात गेलो व्हतो, त्या नाशकाला भणीकडं चालल्या व्हत्या, येष्टीची वाट बघत. रिटायर झालेल्या. केस पांढरे, बूट तेच. रसवंतीपुढं उभ्या. रसवाला लई मानानं मोळीतला जाडजूड ऊस हुडकत व्हता. बाई म्हणाल्या, "अहो, निवडू नका. हाताला येईल तो घाला." मी मागनं म्हणलं, "मोळी बघा, बाई." वळल्या, आन अशा हसल्या का मला मीच बबनराव वाटलो.

नवीन साहेबाचं सांगितलं. टाळ्यांचं बी सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "त्यानं आईबापांचं विचारलं का? सोळा नंबरच्या?" गिलास हातात तसाच. मला कळलं, ह्या बाईनं एवढी वरसं ही एक आशा पिशवीत जपून ठेवलेली हाय.

"इचारलं बाई."

"मग?"

"आई हाय. बाप न्हाई. काढून टाकला त्यांनी दक्षिणंला, ती जातच ठिवली न्हाई."

"का?"

मी खाली बघितलं. "बारीक व्हता म्हणून."

रसवाल्याचे घुंगरू वाजत व्हते. बाईंनी गिलास खाली ठेवला, निम्मा भरलेला. मंग म्हणाल्या, "तिथंही साहेबच आहेत की हो, बबनराव."

येवढंच. मी कायतरी हसायचं बोलणार व्हतो, आयुष्यभर दुसरं काय केलं? तेवढ्यात येष्टी आली. मी त्यांची पिशवी वर दिली. पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या.

"नवीन प्लॉटात रोपं मेली असतील काही."

"मेली की बाई."

"कोणी भरल्या नाहीत ना नांग्या?"

"न्हाई बाई. तुमच्याच खुंट्या ठोकल्यात. म्या सोता."

मान हालवली आन आत गेल्या. खिडकी मिळाली त्यांना. मी हात केला, पण त्यांचं ध्यान न्हवतं. फाट्याच्या पुढं रस्त्याला लागूनच कुणाचातरी ऊस हाय, कडंचा असा माजलेला का येणारंजाणारं गाडी हळू करून बघतं. येष्टी तिथनं वळली तवा बाई सीटवरनं अर्ध्या उठल्या व्हत्या, खिडकीच्या दांडीला धरून, मान उंच करून. त्या कडंच्या उसावरनं पल्याड, आतला बघत व्हत्या.